आमलीबारीचं दिव्य

फोन आला तेव्हा ज्योत्स्ना धुळ्याच्या एका जुन्या दप्तरखान्यात मोडी कागदावर भिंग धरून बसली होती. फोन करणारा माणूस इतक्या अदबीनं बोलत होता की तिनं भिंग खाली ठेवलं आणि व्हरांड्यात जाऊन निवांत उभी राहिली. वाचकाचा फोन म्हटला की लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही. कितीही शिकलेला असो, पाघळतोच.

"ताई, रविवारना पेपरमा जुन्या शिक्षा लिखतस त्या तुम्हीच ना?"

"हो, मीच. आपण?"

"मी आमलीबारीना उखर्डू. शिरपूरना वरे, डोंगरना पायथाले आमनं गाव शे. आठे बठ्ठा माले आबा म्हनतस. तुमनं बठ्ठं वाचतस आम्ही. एक इचारनं व्हतं. दिव्य व्हयनं का हातले पिशवी बांधतस, ती कशानी? कापडनी का चामडानी?"

ज्योत्स्नाचा चेहरा खुलला. जळगावच्या कॉलेजात ती इतिहास शिकवायची. तिथं 'सर्वांना समजलं का?' या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त पंख्याचा आवाज यायचा. आणि इथं डोंगराच्या पायथ्याचा एक म्हातारा पिशवीचं कापड विचारत होता!

"कापडाची, आबा. चांगल्या जाड कापडाची."

"शिक्का लाखना का मेणना?"

"लाखेचा."

"आन् नखं आधी काढतस का मंग?"

"आधी. नखं काढायची, हात रिठ्यानं धुवायचा. हातावर जुने डाग, जखमा असतील त्या पंचांनी लिहून ठेवायच्या. नंतर वाद नको म्हणून."

"वा! अन् रवा कितला मोठा?"

"सुपारीएवढा धरा."

"बरं व्हयनं इचारी लिधं. नहीते आमनी चूक व्हई जाती. मंग येवा तुम्ही बी. आज उन्ह डोक्यावर उनं का धनीबाईनं दिव्य शे."

ज्योत्स्नाला आधी वाटलं, नाटकबिटक बसवताहेत.

"कोणाचं?"

"धनीबाईनं. देवीना चांदीना डोळा चोरी गयात. मंदिरनी किल्ली तिनाकडे. पन कोनी जबरी करी नही, ताई. ती सोताच म्हनस, माले भागीसारखं दिव्य द्या."

"आबा, थांबा! असलं काही करू नका. ते अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे. आज हा गुन्हा आहे. ऐका माझं..."

"आवाज तुटी ऱ्हायना, ताई. येवा मात्र."

नंतर फोन लागेना. ती व्हरांड्यात दोन्ही हातांनी मोबाईल धरून उभी होती आणि आपणच सांगितलेली एकेक गोष्ट तिला आठवत होती. कापड जाड. शिक्का लाखेचा. नखं आधी. एखादीला लोणच्याची कृती विचारावी आणि तिनं मिठाच्या मापासकट सांगून टाकावी, तसं तिनं सगळं सांगून टाकलं होतं.

*

रवा म्हणजे शिऱ्याचा नव्हे. धातूचा लहानसा गोळा. ज्याच्यावर आळ आला त्यानं उकळत्या तेलातला तो गोळा हातानं काढायचा. मग हाताला पिशवी बांधायची, पिशवीवर शिक्का मारायचा आणि तिसऱ्या दिवशी उघडून बघायचं. फोड नसला तर माणूस खरा, फोड आला तर खोटा. पेशवाईत साक्षीपुरावा मिळेना तिथं असा न्याय व्हायचा आणि त्याचे कागद व्हायचे.

ज्योत्स्ना त्या काळातल्या गुन्ह्यांवर आणि शिक्षांवर प्रबंध लिहीत होती. प्रबंध कोण वाचतो? दोन परीक्षक, तेही गाळत गाळत. पण तिची मैत्रीण कहकशा जळगावच्या एका दैनिकाची रविवारची पुरवणी बघायची. ती म्हणाली, हेच सोपं करून दे. झालं, ज्योत्स्नाचं सदर सुरू झालं. दर रविवारी एक शिक्षा. हात तोडणे, कडेलोट, हत्तीच्या पायी देणे. लोक पोहे खाता खाता कडेलोट वाचायचे आणि दुसरी वाटी मागायचे. ज्योत्स्नाला रिक्षावाले ओळखायला लागले. खोटं कशाला सांगा, तिला ते फार आवडलं.

कहकशा आज धुळ्याला तिच्याबरोबरच आली होती, पुरवणीसाठी जुन्या कागदांचे फोटो काढायला. ज्योत्स्नानं तिला खालच्या खोलीतून दंडाला धरून ओढतच बाहेर आणलं. पुढच्या पाच मिनिटांत कहकशाची जुनी गाडी आग्रा रोडला लागली होती.

कहकशानं एका हातानं गाडी चालवत पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या माणसानं गावाचं नाव दोनदा विचारलं, तेलाचं ऐकल्यावर तिसऱ्यांदा विचारलं आणि म्हणाला, गाडी बंदोबस्तात आहे, पण निघतो.

"निघतो म्हणजे कधी, ते अल्लाला ठाऊक," कहकशा म्हणाली. "आपण पोचू. तू बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतील. तुलाच तर मानतात."

"तेच तर."

"तेच तर काय?"

ज्योत्स्ना खिडकीबाहेर बघत राहिली. तापीचा पूल आला. खाली पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. पूल संपला तशी ती वळली.

"कहकशा, भागीचा हात शाबूत निघाला, हे कागदात नाही."

"म्हणजे?"

भागीची गोष्ट सदरातली सगळ्यांत गाजलेली. शेजाऱ्याची पेटी फोडल्याचा तिच्यावर आळ आला, साक्षीदार कोणी नव्हता, म्हणून पंचांनी तिला रवा काढायला लावला. तिनं तो काढला. हात पिशवीत, पिशवीवर शिक्का. इथवर कागद होता. त्याखाली तो फाटला होता. पुढं भागी सुटली की मेली, कोणाला ठाऊक!

"तू रात्रभर माझ्यामागं लागली होतीस," ज्योत्स्ना म्हणाली. "शेवट दे, शेवट दे. वाचक जीव खातील म्हणून. मी दिला."

'तिसऱ्या दिवशी पंचांनी शिक्का तोडला. भागीचा हात जसाच्या तसा होता. मेंदीचा रंगसुद्धा उतरला नव्हता.' हे शेवटचं वाक्य छापून आल्यावर तिला एवढे फोन आले की चार्जर लावूनच बोलावं लागलं. मेंदीवर तर बायका अगदी लुब्ध झाल्या. पुढं तेच वाक्य हळूच प्रबंधातही उतरलं, खाली तळटीप घेऊन. आता तोंडी परीक्षा महिन्यावर आली होती.

कहकशानं पुढचा ट्रक मागं टाकला आणि मगच बोलली.

"मेंदी पण तूच लावलीस?"

"हो."

"शाब्बास! आणि मी ते जाड अक्षरात छापलं." तिनं गिअर बदलला. "आता गावासमोर सांगशील? सांगितलंस तर प्रबंध गेला, सदर गेलं, माझी नोकरीही राहील की नाही कोण जाणे. तरी सांगशील?"

"सांगावंच लागेल."

"सांग मग," कहकशा म्हणाली आणि तिनं गाडीचा वेग वाढवला.

*

शिरपूर मागं पडलं तशी शेतं कोरडी होत गेली. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. झाडांखाली पानं जाळून जमीन साफ केलेली दिसत होती, पण वेचायला माणूस नव्हता. आमलीबारीत शिरल्यावर कळलं, सगळं गाव देवीच्या ओट्यासमोर जमलं होतं.

ज्योत्स्नानं गाडीतून पाय खाली ठेवला आणि तिला आपलाच लेख समोर मांडलेला दिसला. तीन दगडांची चूल. तिच्यावर उभ्या कडांचं तांब्याचं भांडं. तिळाचं तेल, त्यात तूप. बाजूला केळीच्या पानावर सुपारीएवढा पितळी गोळा. शिलाई मारलेली जाड मांजरपाटाची पिशवी. वाटीत लाख. कुठंही चूक नव्हती. तिच्या विद्यार्थ्यांनी तिचं म्हणणं इतकं मन लावून कधी उतरवून घेतलं नव्हतं. देवळाच्या भिंतीला तो लेखही लावला होता, प्लॅस्टिकमध्ये घालून, उदबत्त्यांच्या वर.

आत गाभाऱ्यात देवी होती. तिच्या शेंदरी चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन खळगे होते.

उखर्डू आबा पुढं आले. पांढरी टोपी, चेहऱ्यावर घरच्या लग्नाला पाहुणा आल्याचा आनंद. "उन्यात का ताई! बठ्ठा देखा, ताई उन्यात!" लोकांनी वाट दिली. कोणीतरी खुर्ची आणली. तिला बसायला लावून पाणी दिलं, आणि ते पाणी हातात धरून ती म्हणाली, "आबा, चूल विझवा आधी."

"इझाडसुत, इझाडसुत. व्हई जाऊ द्या."

"धनीबाई कुठं आहेत?"

धनीबाई ओट्याच्या कडेला बसली होती. चाळिशीची, काटक. नुकतीच न्हालेली, केसांतून पाणी पाठीवर उतरत होतं. कपाळाला दोऱ्यानं एक कागद बांधला होता. उजव्या हाताची नखं काढली होती. हात मांडीवर उताणा ठेवला होता, नुकतीच मेंदी काढल्यावर बाया ठेवतात तसा. तिच्या आजूबाजूला चांगली ऐसपैस जागा रिकामी होती. एवढ्या गर्दीत तिच्याजवळ कोणी बसलं नव्हतं.

ज्योत्स्ना तिच्याशेजारी जाऊन बसली.

"धनीबाई, हे करू नका. हात जाईल."

"कसाले जाई?" धनीबाई हसली. तिला ज्योत्स्नाला बघून खरोखर आनंद झाला होता. "भागीना गया का? मनी पोरनी माले वाची दखाडं. तीनदा. मेंदीना रंग बी नही गया तिना."

"तुम्ही चोरी केलेली नाही. मला माहीत आहे. पोलीस येताहेत, ते तपास करतील."

"पोलिस?" तिनं मान हलवली. "पोलिस काय करतीन, ताई? डोळा सापडनात तं सापडनात, नहीते नही. माले चोर म्हनाले लोक थांबतीन का? सुकदेवनी भर देवळमा माले चोर म्हनं. तव्हयपाशी हापशीवर मनी कळशी उनी का बाया आपली कळशी उचलतस. वावरमा निंदाले कोनी बलावत नही. घरमा पोर शे. चोरनी पोर म्हनतीन तिले." तिनं हात उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. "मी देवीनं झाडलोट करस, बारा मास. ती देखस ना मनाकडे? मी खरी शे. मंग माले कसानी भीती?"

सुकदेव म्हणजे देवस्थानचा कारभारी. तो चुलीजवळ उभा होता, हातात लाकूड घेऊन. त्याच्या तोंडावर धनीबाईला पकडल्याचा आनंद नव्हता. देवीचे डोळे त्याच्या कारभारात गेले होते आणि लोक उद्या त्यालाच विचारणार होते. घाबरलेला माणूस दुष्ट माणसापेक्षा जास्त घाई करतो. तो म्हणाला, "तेल तपी गयं, आबा."

तेलातून धूर निघायला लागला होता. तीळ करपल्यासारखा वास पसरला.

ज्योत्स्ना उठली. ती चुलीच्या आणि लोकांच्या मधे जाऊन उभी राहिली. तिला वर्गात बोलायची सवय होती, सभेत टाळ्या घ्यायची सवय होती. पण 'मी खोटी आहे' हे वाक्य आजवर तिनं मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं.

"ऐका सगळे. त्या लेखात मी भागीचा हात शाबूत निघाला असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. मी रचलेलं आहे. कागद फाटलेला होता. भागीचं काय झालं ते मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. मेंदीही खोटी. उकळत्या तेलात हात घातला तर हात जळतो. खऱ्याचाही जळतो, खोट्याचाही जळतो."

एक म्हातारी आपल्या शेजारणीला विचारत होती, काय म्हणते बाई?

मग उखर्डू आबा शांतपणे म्हणाले, "ताई, पेपरमा छापेल शे ना."

"मीच छापायला दिलं. ते खोटं होतं."

"हिनं खरं सांगितलंय," कहकशा मागून मोठ्यानं म्हणाली. "मी त्या पेपरात काम करते. चूक माझीही आहे."

"तव्हय खोटं बोलन्यात, मंग आते खरं बोली ऱ्हायन्यात हाई कशावरून?" सुकदेव म्हणाला. "पोलिसले भ्यायन्यात त्या, आबा. रस्तामाच फोन करा व्हई. आते म्हनतस, लिखेल बठ्ठं खोटं."

लोकांमधे कुजबुज झाली. सुकदेवचं म्हणणं लोकांना पटलं होतं, आणि का पटू नये? शहरातली बाई पोलिसांना घाबरते, यात न पटण्यासारखं काय आहे? ज्योत्स्नानं धनीबाईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा मघाचा आनंद गेला होता. तिनं ओठ घट्ट मिटले, पदर खोचला आणि उठून चुलीकडे यायला लागली. तिच्या कपाळावरच्या कागदावर लिहिलं होतं, 'मी चोरी केली नाही.' हेही लेखातलंच.

"धनीबाई, थांबा!"

"आते थांबनू तं चोर, ताई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्हीच लिखेल शे. जो मांघे सरकना तो चोर."

हे मात्र खरंच कागदात होतं.

सुकदेवनं पितळी गोळा उचलला आणि तेलात सोडला. टप् असा लहानसा आवाज आला. धनीबाई आणखी एक पाऊल पुढं आली. ज्योत्स्नाला तिचा हात दिसत होता. लांब बोटं, काढलेली नखं, मोह वेचून वेचून टोकाशी काळी झालेली कातडी. त्यानंतर तिनं विचार केला नाही. विचार केला असता तर तिनं ते केलंच नसतं.

"तेलाला खरं-खोटं कळतं म्हणता ना?" ती ओरडली. "मी आत्ता खरं बोलते आहे. भागीची गोष्ट खोटी आहे. बघा मग!"

आणि तिनं उजवा हात तेलात घातला.

हात तिनं लगेच काढला. तो तिनं काढला असंही म्हणता येणार नाही, तो आपणहून बाहेर आला. क्षणभर काहीच झालं नाही. तिला वाटलं, खरंच? मग दुखणं आलं, आणि ते एवढं मोठं होतं की तिला आपली किंकाळी दुसऱ्या कोणाची तरी वाटली. ती गुडघ्यांवर पडली. बोटं लाल झाली होती. अर्ध्या तळव्यावरची कातडी तिच्या डोळ्यांदेखत फुगून पांढरी पडत होती.

कहकशा धावत आली. "पाणी! पाणी आणा कोणीतरी!" आणि मग तिच्या तोंडून घरच्या बोलीत काहीबाही निघायला लागलं, अर्धी दुआ, अर्ध्या शिव्या. बायका मागं सरल्या. कोणाचं तरी पोर रडायला लागलं.

ज्योत्स्नानं दात आवळून हात वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"जळला," ती म्हणाली. "बघा. मी खरं बोलले आणि जळला. पटलं?"

उखर्डू आबांनी वाकून हात बघितला. बराच वेळ बघितला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, आणि लोकांकडे वळून सावकाश, एकेक शब्द तोलून बोलले.

"देखा भाऊ. ताई म्हनन्यात, मी आते खरं बोली ऱ्हायनी, भागीनी गोष्ट खोटी शे. तेलमा हात घाला. हात जळना. म्हंजे तेल काय म्हननं? ताई आते खोटं बोलन्यात." त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "म्हंजे भागीनी गोष्ट खरी शे. पेपरमा लिखेल तेच खरं."

"खरं शे," कोणीतरी म्हणालं. "बराबर शे, आबा," दुसरं म्हणालं. गर्दीतून एक सुस्कारा निघाला, कोडं सुटल्यावर निघतो तसा. एका बाईनं देवीकडे बघून हात जोडले.

ज्योत्स्ना ऐकत होती आणि तिला हसू येतं की रडू, हेच कळेना. तिनं वर्षानुवर्षं असे कागद वाचले होते. हात जळला तर तेल खरं, न जळला तरी तेल खरं. कागदावर वाचताना तिला त्याची गंमत वाटायची. तेल कोणताच दावा हरत नाही, आणि ते हरत नाही हे तिला आज जमिनीवर गुडघे टेकून कळत होतं. आता हा जळका हातच भागीच्या गोष्टीची साक्ष ठरला होता. आपण तिला वाचवायला आलो आणि आपणच तिला तेलाकडे ढकललं, हे कळून तिचं सगळं अवसान गेलं. ती रडायला लागली.

"धनीबाई," सुकदेव म्हणाला. "तेल थंड व्हई जाई. चल."

धनीबाई चुलीकडे गेली नाही. तिनं ओट्याजवळच्या रांजणातून तांब्या भरला, ज्योत्स्नाजवळ बसली आणि तिच्या हातावर पाणी सोडायला लागली. एक तांब्या संपला, दुसरा भरला. तिनं तो हात आपल्या मांडीवर घेतला होता. तिचं लक्ष फोडांकडे नव्हतं, ज्योत्स्नाच्या चेहऱ्याकडे होतं.

"ताई," ती एवढ्या हळू म्हणाली की कहकशालाही जेमतेम ऐकू आलं. "भागीनं काय व्हयनं, खरंच माहीत नही?"

"नाही."

"देवीसमोर सांगा."

"देवीसमोर सांगते. माहीत नाही. कागदच फाटला आहे."

धनीबाईनं गाभाऱ्याकडे बघितलं. तिथं ते दोन खळगे होते. मग तिनं पुन्हा मांडीवरच्या हाताकडे बघितलं. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटत गेलं. आपलं खरं आपल्यालाच माहीत असतं, आणि आत्ताच्या या बाईचं खरं तिनं समोरून बघितलं होतं. खरं बोलणारीचा हात तिच्या मांडीवर सुजत होता. एवढ्या गावात ते फक्त तिला दिसलं, कारण एवढ्या गावात आज खऱ्याची गरज फक्त तिला होती.

तिनं कपाळाचा दोरा तोडला. कागद खाली पडला.

"मी हात घालनार नही."

"काय?" सुकदेव म्हणाला.

"घालनार नही."

"म्हंजे चोरी कबूल शे का तुले?" आबांनी विचारलं. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. "धनी, इचार कर. सोताच मांगं तू. आते मांघे सरकनी तं..."

"कबूल नही, आबा. चोरी मी करी नही. पन तुम्ही चोर म्हना माले. म्हना, बठ्ठा म्हना, मी आयकी लिसु." तिनं आपला उजवा हात वर धरला. "मना हात मना शे. मोह येचाले लागस. पोरना केस इचराले लागस. तुमना तेलमा घालाले नही शे तो."

सुकदेवनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि जमिनीवर घासून विझवलं. धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. लोक एकेक करून मागं सरायला लागले. एवढं मोठं काहीतरी बघायला आलेली माणसं आता एकमेकांकडे बघायचं टाळत होती. गेली मात्र नाहीत. धनीबाई चोर की नाही, ते अजून ठरायचं होतं.

थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली. हवालदारानं चूल बघितली, भांडं बघितलं, ज्योत्स्नाचा हात बघितला, आणि त्याला काय विचारावं तेच सुचेना. शेवटी त्यानं त्याला येत होता तो प्रश्न विचारला.

"ज्या बाईनं चोरी केली ती कोण यातली?"

"तिनं चोरी केलेली नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

"तुम्ही कोण?"

धनीबाई उठली. उठताना तिनं ज्योत्स्नालाही दंडाला धरून उठवलं. तिनं एकदा गावाकडे बघितलं, आबांकडे बघितलं. लोक थांबले होते. ती काय म्हणते हे ऐकायला सगळं गाव थांबलं होतं.

"बठ्ठा गाव ज्या बाईले चोर म्हनस ती मी, साहेब," ती म्हणाली. "आधी हाई ताईले दवाखानामा लई चला. मंग मनं नाव लिखा."

आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता ती ज्योत्स्नाचं मनगट वर धरून गाडीकडे चालायला लागली. कहकशा तांब्या घेऊन मागून निघाली. वाटेतल्या बायका बाजूला झाल्या. धनीबाई जवळून गेली तेव्हा प्रत्येकीनं आपला पदर आवरून घेतला.